सातबाऱ्यावर चौदा नावं आणि तुमचा पीएफ

ताई,
मी चिपळूणला राहतो. लोट्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. येत्या मे महिन्यात ५८ पूर्ण होऊन रिटायर होतोय. पीएफचे ३१ लाख आणि ग्रॅच्युइटीचे ८ लाख हातात येतील. पेन्शन महिना साडेचार हजारांच्या आसपास बसेल म्हणतात. राहता फ्लॅट स्वतःचा, कर्ज फिटलंय. मुलीचं लग्न झालं, मुलाचं इंजिनिअरिंगचं एक वर्ष राहिलंय. घरखर्च महिना बावीस हजार. बायकोच्या नावावर चार लाखांची एफडी आहे.

माझा भाचा जमिनीचे व्यवहार करतो. त्यानं गुहागर तालुक्यात समुद्राला लागून ११ गुंठे जागा दाखवलीय, गुंठ्याला सव्वादोन लाख. अर्धे चेकने, अर्धे रोख. म्हणतो, "मामा, दोन वर्षांत दुप्पट. नाहीतर होमस्टे टाक." पीएफमधून आत्ताच उचल मिळते असंही सांगतो. ५१ हजार विसार दिलाय. बायको म्हणते, समुद्र बघायला एसटीचं तिकीट पुरतं. पण ताई, आयुष्यभर दुसऱ्याच्या मशिनी दुरुस्त केल्या, आता रिअल इस्टेटमध्ये सुरुवात करून स्वतःचं काहीतरी उभं करावं असं वाटतं. गावी खाडीपट्ट्यात वडिलोपार्जित घर-जमीन आहे, पण चार चुलत भाऊ, कुणी बघत नाही, ते जाऊ दे. जागेच्या सातबाऱ्याचा फोटो जोडलाय. काय करू?
– एक वाचक, चिपळूण

भाऊ,

तुमचं पत्र एकदा वाचलं, सातबारा तीनदा वाचला. सव्वीस वर्षं रत्नागिरीत दस्त लिहून पोट भरलं, त्यामुळे माणसाच्या अक्षराआधी माझी नजर सातबाऱ्यावरच्या 'इतर हक्क'च्या रकान्याकडे जाते, जमिनीवरची बंधनं तिथे लिहिलेली असतात. ही सवय वाईट आहे, पण तुमच्या कामाची आहे.

आधी पैशाचं बोलू, जमिनीवर मग येते.

तुम्हाला मिळणारे ३९ लाख ही 'रक्कम' वाटते, कारण ती एकदम खात्यात दिसणार आहे. खरं म्हणजे तो तुमचा पुढच्या वीस-पंचवीस वर्षांचा पगार आहे, कंपनीनं एकदम हातात ठेवलेला. पगारातून जमीन घेणारा माणूस हप्ता चुकला तर ओव्हरटाइम करतो. जूनपासून तुम्हाला ओव्हरटाइम नाही.

भाच्याचा हिशेब करून बघू. अकरा गुंठ्यांचे २४ लाख ७५ हजार. त्यावर मुद्रांक, नोंदणी, वकील, मोजणी आणि एक साधा गडगा घालायचा म्हटला तरी दोनेक लाख. म्हणजे तुमच्याकडे उरले बारा लाखांच्या आसपास. ते अगदी चांगल्या ठिकाणी, ८.२ टक्क्यांनी ठेवलेत तरी महिन्याला ८,२०० रुपये. पेन्शन धरून १२,७००. घरखर्च २२,०००. राहिलेले ९,३०० दर महिन्याला कुठून येणार? मुद्दलातून. आणि मुद्दल असं कुरतडत गेलं की व्याजही घटतं. जमीन मात्र जागच्या जागी समुद्राकडे बघत बसलेली असेल. पावसाळ्यात ती गवत देईल, बाकी काही देणार नाही.

आता दुसरा हिशेब. ज्येष्ठ नागरिक बचत योजना, पोस्टात किंवा बँकेत. साठीची अट आहे, पण ५५ पूर्ण करून निवृत्त झालेल्याला निवृत्तीचे पैसे हातात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत खातं उघडता येतं. मर्यादा ३० लाख. दर बऱ्याच तिमाहींपासून ८.२ टक्के आहे, आणि तुम्ही खातं उघडाल त्या दिवशीचा दर पाच वर्षं बदलत नाही. ३० लाखांवर वर्षाला २ लाख ४६ हजार, दर तिमाहीला ६१,५००. महिन्याचे साडेवीस हजार पडतात. पेन्शन मिळवली की पंचवीस हजार. तुमचा घरखर्च भागला, वर तीन हजार उरले, आणि मुद्दलाला हातही लागला नाही. उरलेल्या नऊ लाखांतले चार आजारपणासाठी मोडता येतील अशा एफडीत. मुलाच्या फीला वहिनींची एफडी आहे. राहिले पाच लाख. जमिनीची जी काही हौस करायची ती या पाचांत. सहा झाले की मला पत्र लिहायचं आधी.

"पण दोन वर्षांत दुप्पट" हे तुमच्या डोक्यातून जाणार नाही, ठाऊक आहे. पाच वर्षं जागा धरून ठेवलीत असं समजू. पावणेपंचवीस लाखांवर पाच वर्षांत जे व्याज तुम्ही घरी आणलं असतं ते दहा लाखांच्या वर. त्यात खरेदीचा दोन लाख खर्च. म्हणजे पाच वर्षांनी ती जागा ३७ लाखांना विकली गेली तर तुमची फक्त बरोबरी होते, नफा शून्य. आणि विकली जायला गिऱ्हाईक लागतं. कोकणातली जमीन विकत घ्यायला एक दिवस लागतो. विकायला किती लागतात ते ज्यांच्या जागेवर 'विकणे आहे'ची पाटी दोन पावसाळ्यांत गंजली त्यांना विचारा. गुहागर ते वेळणेश्वर रस्त्याला एक चक्कर मारा, पाट्या मोजत.

भाव वाढतो तो बहुतेक वेळा काहीतरी 'येणार आहे' म्हणून. आपल्याकडे काहीतरी कायमच येणार असतं. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण झाली तेव्हा स्टेशनजवळच्या कातळावरसुद्धा लोकांनी पैसे लावले. त्यात आमच्या घरचेही होते, ते पुढे सांगते. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ पासून चाललंय, तुम्ही तर त्याच धुळीतून रोज लोट्याला जाता. नाणारच्या रिफायनरीचं नाव निघालं तसे बाहेरचे लोक जमिनी घ्यायला धावले. २०१९ मध्ये भूसंपादनाची अधिसूचनाच रद्द झाली. सिंधुदुर्गाचा चिपीचा विमानतळ खरंच आला, ऑक्टोबर २०२१ मध्ये. तरी विमानाचा आवाज ऐकू येणाऱ्या प्रत्येक गुंठ्याचं सोनं झालं असं कुणी म्हणणार नाही. येणारं येतं, पण आपण घेतलेल्या सर्व्हे नंबरापर्यंत येईलच असं नाही.

आता सातबारा.

तुमच्या फोटोत क्षेत्र ८४ आर आहे. आपल्या भाषेत त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशी गुंठे. तुम्हाला विकतायत अकरा. म्हणजे त्या सबंध तुकड्यातला एक हिस्सा. कुठल्या कोपऱ्यातला? समुद्राकडचा की मागच्या खाजणाकडचा? ते सातबाऱ्यावर लिहिलेलं नाही, आणि भाच्यानं बोटानं दाखवलेली जागा कायद्याच्या कामाची नाही. पोटहिस्सा, म्हणजे मोजून वेगळा केलेला तुकडा, पडलेला नाही, मोजणीची 'क' प्रत, म्हणजे हद्दीचा सरकारी नकाशा, नाही. कब्जेदार म्हणून नावं मी मोजली, चौदा आहेत. त्यातल्या दोघांपुढे 'मयत' म्हणून कंस आहे, वारस लागलेले नाहीत. एक नाव अज्ञान पालनकर्त्यासह आहे, म्हणजे वारस लहान मूल आहे. लहान मुलाच्या वाट्याची जमीन विकायला कोर्टाची परवानगी काढावी लागण्याची वेळ येते; ती भाचा कशी आणणार? आणि त्या चौदांतल्या किती जणांनी 'विकतो' म्हटलंय? माझा अंदाज, एक. फार तर दोन. ते मुंबईत असतात, पैशाची गरज आहे, बाकीच्यांना पत्ता नाही. असा एकाचा अविभक्त हिस्सा विकत घेणं बेकायदा नसतं. पण मग तुम्ही तेरा अनोळखी माणसांच्या भाऊबंदकीत चौदावे सभासद होता. त्यातल्या सख्ख्या वारसांना तुमच्याआधी तो हिस्सा विकत घेण्याचा हक्क सांगता येतो, हिंदू वारसा कायद्याचं कलम २२ त्यासाठीच आहे. स्वतःच्या भाऊबंदकीतून माणूस पळतो, आणि तुम्ही पैसे देऊन दुसऱ्याची घेताय!

आता 'इतर हक्क'. तिथे बारीक अक्षरात आहे: कुळकायदा कलम ४३ च्या बंधनास पात्र. फोटोत अर्धं तुमच्या अंगठ्याखाली गेलंय, पण आहे. ही जमीन मूळ कुळाला कायद्यानं मिळालेली. अशी जमीन सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. विकली तर व्यवहार अवैध. २०१४ मधल्या दुरुस्तीनंतर यात सवलत आहे: कुळाला खरेदीचं प्रमाणपत्र मिळून दहा वर्षं झाली असतील तर आकाराच्या चाळीस पट रक्कम भरून हे बंधन उठवता येतं. आकार म्हणजे सातबाऱ्यावरचा शेतसारा, काही रुपयांचा असतो, चाळीस पट म्हणजे एका जेवणाचे पैसे. मग इतकं स्वस्त काम मालकांनी का केलं नाही? मला असं काही दिसलं की मी तिथेच थांबते. चाळीस पट भरायला सगळ्यांच्या सह्या लागल्या असत्या, आणि सह्या मिळत नाहीत, हेच बहुधा उत्तर आहे.

तुकडेबंदी राहिली. १९४७ चा कायदा आहे, ठरल्यापेक्षा लहान शेतीचा तुकडा पाडून विकायचा नाही. रत्नागिरी जिल्ह्यात २०२३ पासून जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे धरले जातात. अलीकडे शहरी हद्दीसाठी वगैरे सवलती आल्या आहेत. पण तुमचा तो तुकडा जिराईत, गावठाणापासून लांब, आणि अकरा गुंठे. म्हणून तर तुम्हाला 'हिस्सा' विकतायत, प्लॉट नाही.

आणि समुद्र. भाचा अभिमानानं म्हणाला असेल, पायरी उतरली की वाळू. सीआरझेडची, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामाच्या नियमांची, २०१९ ची अधिसूचना सांगते की ग्रामीण भागात, जिथे २०११ च्या जनगणनेप्रमाणे लोकवस्ती चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा कमी आहे, तिथे भरतीरेषेपासून २०० मीटर 'ना विकास' पट्टा. गुहागर तालुक्यातल्या त्या गावात एवढी दाटी असती तर तुम्हाला एवढ्या पैशात जागा मिळालीच नसती. दोनशे मीटरच्या पुढे पाचशेपर्यंत बांधकामाला परवानगी लागते. मग पायरी उतरली की वाळू अशी जागा होमस्टेसाठी कोण पास करणार? जितका समुद्र जवळ, तितकं घर लांब. दलालाच्या जाहिरातीत याच्या बरोबर उलट लिहिलेलं असतं.

होमस्टेचं एवढंच सांगते, कारण तो विषय वेगळ्या पत्राचा आहे. गर्दी मे महिन्यात, दिवाळीत, नाताळात आणि जोडून सुट्ट्या आल्या की. जून ते सप्टेंबर तुमच्याकडे फक्त पाऊस राहायला येतो. खाऱ्या वाऱ्यानं पंखे, ग्रील, गॅसची शेगडी, सगळं गंजतं. विहिरीला पाणी गोडं लागलं पाहिजे, आणि ते बघायला मे महिन्यात जायचं, डिसेंबरात नाही. शेजारच्या विहिरीचं पाणी मागून प्यायचं, शेजारीही कसा आहे ते तेव्हाच कळतं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोली-मंडणगडात पन्नास-पन्नास वर्षांच्या नारळी-पोफळीच्या वाड्या एका दुपारी आडव्या झाल्या. नवीन माड लावला तर तो फळ धरेपर्यंत तुमची पासष्टी येईल.

पीएफमधून आत्ताच उचल. नियम अलीकडे सैल झालेत हे खरं, जागेसाठी पैसे निघतात हेही खरं. पण मे महिना तोंडावर असताना आत्ता उचलण्यात काय मिळवणार? पीएफला २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन्ही वर्षी ८.२५ टक्के व्याज मिळालंय, नोकरीत असेपर्यंत करमुक्त. ते तिथंच राहू द्या. गंमत बघा, पीएफच्या योजनेत जुन्यापासून अट होती की सामायिक मालमत्तेतला हिस्सा घ्यायला ही उचल मिळणार नाही. म्हणजे दिल्लीत बसून ज्यांनी नियम लिहिले, त्यांना आपल्या कोकणातले सातबारे ठाऊक होते.

रोख रकमेचं एका वाक्यात: स्थावराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्यानं बंदी आहे, आणि दिलेले बारा लाख कुठेही लिहिलेले नसतील तर व्यवहार फिसकटल्यावर मागायचे कुणाकडे? भाच्याकडे? मग बहिणीच्या घरी भाऊबीजेला जायचं कसं?

हे मी फार शहाणी म्हणून सांगत नाहीये. १९९८ मध्ये मी स्वतः दस्त लिहीत होते, रोज दहा लोकांना सातबारा समजावत होते, आणि यजमानांनी एका स्टेशनच्या मागे सहा गुंठे घेतले. साठेखतावर, म्हणजे पुढे विकण्याच्या नुसत्या करारावर, सामायिकात. मालक ओळखीचे, सज्जन, "पोटहिस्सा पाडून देतो हो, दोन महिन्यांत." त्यांच्या मनात खोट नव्हती. त्यांचा भाऊ गेला, वहिनींनी सही दिली नाही, मग ते स्वतः गेले. आज त्या सातबाऱ्यावर आमचं नाव नाही. यजमान जाऊन नऊ वर्षं झाली, साठेखत माझ्या कपाटात आहे. रेल्वे धडधडत जाते तेव्हा आमच्या सहा गुंठ्यांवर कुणाची तरी गुरं चरत असतात. दुसऱ्यांना सांगायचं ज्ञान स्वतःच्या घरात येताना चपला बाहेर काढून ठेवतं.

आता तुम्ही पत्रात ज्याला 'ते जाऊ दे' म्हणालात, तिकडे येते. मला तुमच्या पत्रात सगळ्यात महाग वाटलेलं वाक्य तेच.

खाडीपट्ट्यात तुमचं घर आहे, जमीन आहे. म्हणजे तुम्हाला रिअल इस्टेटमध्ये सुरुवात करायची नाहीये, ती तुमच्या आजोबांनी करून ठेवलीय. तुम्ही फक्त ती नावावर केलेली नाही. वडील गेल्यावर वारस नोंद घातली का, हे तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणजे घातलेली नसणार. आणि त्यात एक पेच आहे जो भाच्यानं तुम्हाला सांगितला नसेल: महाराष्ट्रात जो शेतकरी नाही त्याला शेतजमीन विकत घेता येत नाही, कुळकायद्याचं कलम ६३, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी काढावी लागते. तुम्ही शेतकरी असल्याचा पुरावा कुठला? तुमच्या नावाचा सातबारा. तो नसेल तर गुहागरचे अकरा गुंठे घेतानाही तुमची अडचणच होती.

तर तुमच्या पाच लाखांतली पहिली गुंतवणूक काही हजारांची आहे. वडिलांचा मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, आणि गावच्या तलाठ्याकडे अर्ज. आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण गावात विचारताना तलाठीच विचारा. अर्ज ई-हक्कवर ऑनलाइनही करता येतो. फेरफार, म्हणजे नाव बदलाची नोंद, निघतो, हरकतीला पंधरा दिवस, मग मंडळ अधिकारी मंजूर करतात. बहिणींची नावं लावायचीच, विसरल्यासारखं करायचं नाही. त्यांना हिस्सा नको असेल तर त्या नोंदणीकृत हक्कसोडपत्र देतील, आपण होऊन. तुम्ही काढून घ्यायला गेलात तर ती बहीण राहणार नाही, तुमच्याविरुद्धचा दावा होईल.

त्यानंतर वाटप. चौघा चुलत भावांत आणि तुमच्यात सगळ्यांची संमती असेल तर महसूल अधिनियमाच्या कलम ८५ खाली तहसीलदार वाटप करून देतात. शेतजमिनीच्या वाटपपत्राला मुद्रांक शंभर रुपये. शंभर! तिकडे पावणेपंचवीस लाख द्यायला तयार होतात, इकडे शंभराच्या मुद्रांकाला पन्नास वर्षं गेली. मग भूमिअभिलेखकडे मोजणीचा अर्ज, हद्दी कायम, स्वतंत्र पोटहिस्सा. घर गावठाणात असेल तर ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर नाव आहे का ते बघा. २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोननं गावठाणं मोजली गेली, तुमच्या गावाचं मालमत्ता पत्रक निघालंय का तेही विचारून या. घर गावठाणाबाहेर वरकस जमिनीत असेल, आपल्याकडे वाड्या अशाच विखुरलेल्या असतात, तर ते वाटपातच नीट लिहून घ्या, पायवाटेसह. पायवाट विसरलात तर पुढची पिढी कोर्टात भेटेल.

यात भावांची संमती हाच खरा अवघड भाग, मला कळतं. पण तुम्ही मेंटेनन्सचे माणूस आहात. बंद पडलेली मशीन तुम्ही पहिल्या दिवशी विकायला काढत नाही, कुठे अडलंय ते बघता. इथे बहुतेक वेळा पैशावर अडलेलं नसतं. कुणाच्या तरी बारशाला कुणाला बोलावलं नव्हतं, फणसाच्या झाडावरून कुणी तरी काही बोललं होतं, एवढ्यावर अडलेलं असतं. गणपतीत सगळे चाकरमानी घरी येतात. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी माणसं जरा हळवी असतात, पाय निघत नसतो. तेव्हा कागद काढा. आरतीच्या आधी काढू नका.

वाटणी झाली की उरलेल्या पैशात छप्पर. चिऱ्याच्या भिंती शंभर वर्षं उभ्या राहतात, कौलं आणि वासे तेवढे जातात. वाळवी बघा, पागोळी पडते तिथला पाया बघा. काजू आणि आंब्याची चार कलमं असतील तर पहिली काही वर्षं बाग करारावर द्या, म्हाताऱ्या वयात माकडांच्या मागे धावू नका. एक-दोन खोल्या पाहुण्यांना द्याव्याशा वाटल्या तर राज्याच्या पर्यटन खात्याची न्याहारी-निवास योजना आहे, स्वतः राहत असलेल्या घरासाठी. उत्पन्न किती, ते मी सांगणार नाही, कारण ते तुमच्या स्वभावावर आणि वहिनींच्या सोलकढीवर आहे. पण तिथे नुकसान झालं तरी घर तुमचंच राहतं, आणि घरखर्चाचे पंचवीस हजार पोस्टातून आणि पेन्शनमधून येतच असतात.

एवढं करूनही बाहेरची जागा घ्यायचीच झाली कधी, तर बिनशेती झालेला, मोजलेला, स्वतंत्र सातबाऱ्याचा प्लॉट घ्या. पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठ्या भूखंडाची पाडणी करून प्लॉट विकणाऱ्याला महारेराची नोंदणी लागते, नंबर मागा आणि संकेतस्थळावर स्वतः बघा. विकणारा पाटी दाखवेल, पाटी बघू नका. मागच्या तीस वर्षांच्या दस्तांचा शोध, ज्याला सर्च म्हणतात, तुमच्या वकिलाकडून करून घ्या, त्यांच्या नव्हे, आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या. चिपळूणला भाड्यानं द्यायला गाळा किंवा फ्लॅट हा तुमचा दुसरा विचार असू शकतो. तीस लाखांच्या फ्लॅटला सात हजार भाडं म्हणजे वर्षाला २.८ टक्के, त्यातून मेंटेनन्स आणि घरपट्टी जायची. बाजारपेठेतला गाळा बघाल तर २२ जुलै २०२१ ची पाण्याची रेघ भिंतीवर कुठे होती, ते तुम्हाला मी सांगायला नको.

'रिअल इस्टेट' या शब्दाचाच मोह असेल तर एक शेवटचं. शेअर बाजारात रीट नावाची युनिटं मिळतात, देशात पहिलं २०१९ मध्ये आलं. मोठ्या शहरांतल्या ऑफिसांची आणि मॉलची भाडी त्यात येतात आणि वाटता येण्याजोग्या पैशातले नव्वद टक्के त्यांना वाटावेच लागतात. काही शे रुपयांनाही एक युनिट मिळतं, विकायला चौदा सह्या लागत नाहीत. भाव खाली-वर होतो, म्हणून पंचवीस-पन्नास हजारांच्या वर तुमच्या वयात नको. मुलाला विचारा, तो मोबाइलवर दाखवेल.

आता विसार. ५१ हजार कुणाच्या हातात गेले, भाच्याच्या की मालकाच्या? आणि चेकने की रोख? चेकने दिले असतील आणि पावतीवर 'टायटल स्वच्छ असल्यास' असा शब्द असेल, तर कलम ४३ चा शेरा, मयत नावं आणि अज्ञान वारस ही तीन कारणं लिहून रजिस्टर्ड पोस्टानं परत मागा. पावतीच नसेल तर भाच्याला घरी जेवायला बोलवा, वहिनींना समोर बसवा, आणि सातबारा त्यालाच मोठ्यानं वाचायला सांगा. 'इतर हक्क'पर्यंत आला की तो थांबेल. त्यानं पैसे मालकाला पोचते केले नसतील तर परत देईल, पोचते केले असतील तर निम्मे गेले असं धरा. बहिणीकडे यातलं काही बोलू नका.

पुढचं पत्र लिहाल तेव्हा खाडीपट्ट्यातल्या तुमच्या स्वतःच्या जमिनीचा सातबारा आणि आठ-अ पाठवा. फोटो काढताना अंगठा बाजूला ठेवा.